सनदेची शाई आणि खजिन्याची किल्ली

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वर्गात राजस्व हा विषय शिकवीत असताना विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो. सरकार लोकांनीच निवडून दिलेले आहे, कर बसविण्याचे कायदेही आहेतच; मग तिजोरीतील पैसा खर्च करण्यासाठी सरकारने दरवर्षी नव्याने विधिमंडळापुढे हात का पसरावा? पाच वर्षांची परवानगी एकदाच का देऊन टाकू नये? प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर एका वाक्यात दिलेले असते आणि परीक्षेपुरते ते पाठ केले की विद्यार्थ्याचे काम भागते. खरे उत्तर मात्र इंग्लंडच्या पावणेपाचशे वर्षांच्या इतिहासात आहे, आणि ते एका वाक्यात मावणारे नाही.

इंग्लंडच्या राजांची सत्ता मर्यादित कशी झाली, याचे शालेय पुस्तकांनी आपल्या मनावर ठसविलेले चित्र असे: १२१५ साली उमरावांनी जॉन राजाला गाठून त्याच्याकडून 'मॅग्ना कार्टा' ही महासनद मिळविली, तिच्यातून पुढे पार्लमेंट निर्माण झाले, १६२८ चा हक्कांचा अर्ज, १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा आणि १६८९ चा हक्कांचा कायदा या पायऱ्या चढत इंग्रज जनता स्वातंत्र्याच्या मंदिरात पोहोचली. या चित्रातील सनावळी बरोबर आहे. पण कार्यकारणभाव चुकलेला आहे. यांतील जवळजवळ प्रत्येक दस्तऐवज राजाने अडचणीत असताना मान्य केला आणि अडचण दूर होताच गुंडाळून ठेवला. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' आणि 'गरज सरो, वैद्य मरो' या आपल्याकडील दोन म्हणींत इंग्लंडच्या घटनात्मक इतिहासाचा मोठा भाग सामावतो. राजाकडून सनद लिहून घेणे हे त्या लोकांपुढील खरे कोडे नव्हतेच. ते त्यांना पहिल्याच प्रयत्नात साधले होते. राजाची गरज सरू कशी द्यायची नाही, हे खरे कोडे होते आणि ते सुटायला १६८९ साल उजाडावे लागले.

दहा आठवड्यांची सनद

जॉन राजाची अडचण मूलतः आर्थिक होती. १२०४ साली फ्रान्सच्या राजाने त्याच्याकडून नॉर्मंडीचा प्रांत जिंकून घेतला. तो परत मिळविण्याच्या ईर्ष्येने जॉनने पुढील दहा वर्षे पैसा गोळा केला. लष्करी चाकरीच्या बदल्यात उमरावांकडून घेतली जाणारी 'स्कूटेज' नावाची पट्टी पूर्वीच्या राजांनी प्रसंगविशेषी घेतली होती. जॉनने ती पुष्कळच अधिक वेळा आणि चढ्या दराने वसूल केली. वडिलांची जहागीर मुलाच्या नावावर चढविण्यासाठी मनमानी नजराणे घेतले. उमरावांच्या विधवांना पुनर्विवाहाची सक्ती होऊ नये, यासाठीही त्यांच्याकडून पैसे उकळले. एवढे करून जमविलेला पैसा १२१४ साली बुव्हीनच्या लढाईत त्याच्या दोस्तांचा पराभव झाल्यामुळे वाया गेला. रिकाम्या हाताने परतलेल्या राजाविरुद्ध उमराव उठले, मे १२१५ मध्ये लंडन शहराने त्यांना आपले दरवाजे उघडले आणि १५ जून रोजी टेम्स नदीकाठच्या रनीमीड येथील कुरणावर जॉनला सनद मान्य करावी लागली. जॉनने सनदेवर सही केली, असे अजूनही लिहिले जाते. वस्तुतः त्याने सही केलेली नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सनदेला राजमुद्रा लावण्यात आली.

ही सनद सबंध वाचणाऱ्याच्या लक्षात येते की तिच्यातील पुष्कळशी कलमे पैशांची आहेत. जहागिरीच्या वारसाने किती रक्कम भरावी, दंड किती असावा, राजाच्या अंमलदाराने धान्य उचलल्यास दाम मोजावेत, साऱ्या राज्यात दारूचे व धान्याचे माप एकच असावे, अशा तरतुदी पानोपानी आढळतात. पुढे बाराव्या म्हणून ओळखल्या गेलेल्या कलमात काही ठरावीक प्रसंग सोडून राज्याच्या सामायिक संमतीवाचून कोणतीही पट्टी घ्यायची नाही, असे बंधन आहे. ज्या कलमाने या सनदेला कीर्ती मिळवून दिली ते एकोणचाळिसावे: आपल्या बरोबरीच्या लोकांच्या न्यायनिवाड्यावाचून किंवा देशाच्या कायद्यावाचून कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करता येणार नाही किंवा त्याची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. न्याय विकणार नाही, नाकारणार नाही आणि लांबविणार नाही, हे आश्वासन त्याच्या लगतच्या कलमात आहे. येथे 'स्वतंत्र माणूस' हे शब्द लक्षात ठेवले पाहिजेत. त्या काळच्या इंग्लंडमधील बहुसंख्य शेतकरी जमिनीला बांधलेले कुळ-दास होते आणि या कलमाचा त्यांना लाभ नव्हता.

पण सनद मोडली तर काय करायचे? याचे उत्तर एकसष्टाव्या कलमात होते. पंचवीस उमरावांचे मंडळ नेमावे आणि राजाने दाद न दिल्यास त्यांनी त्याचे किल्ले व जमिनी ताब्यात घ्याव्यात. म्हणजे कायदा मोडल्यावरचा उपाय युद्ध! जॉनने पोपकडे धाव घेतली आणि २४ ऑगस्ट १२१५ रोजी तिसऱ्या इनोसंटने ही सनद रद्दबातल ठरविली. रनीमीडचा करार मोजून दहा आठवडे टिकला, आणि देशात खरोखरच यादवी सुरू झाली.

करार खरा झाला तो १२२५ साली

जॉन १२१६ साली मरण पावला आणि नऊ वर्षांचा हेन्री गादीवर आला. बंडखोर उमरावांना वळवून घेण्यासाठी बालराजाच्या कारभाऱ्यांनी सनद पुन्हा जाहीर केली. परंतु संमतीवाचून पट्टी न घेण्याचे आणि पंचवीस उमरावांचे, अशी दोन्ही अडचणीची कलमे तेवढी गाळली! १२१७ साली सनद पुन्हा निघाली. त्याच वेळी राजाच्या अरण्यांसंबंधी एक वेगळी छोटी सनद काढल्यामुळे जुनीला 'मोठी' सनद, अर्थात मॅग्ना कार्टा, हे नाव पडले.

माझ्या मते या कथेतील निर्णायक वर्ष १२१५ नसून १२२५ हे आहे. फ्रान्समधील युद्धासाठी तिसऱ्या हेन्रीला पैसा हवा होता. जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून देण्याचे प्रजेने मान्य केले, आणि त्याच्या मोबदल्यात राजाने सनद पुन्हा दिली. हा व्यवहार सनदेच्या मजकुरातच नमूद केलेला आहे. १२१५ ची सनद तलवारीच्या धाकाने मिळविलेली होती, म्हणूनच पोपला ती जबरदस्तीची म्हणून रद्द करता आली. १२२५ ची सनद किंमत मोजून घेतलेली होती. विकत घेतलेल्या वस्तूवर हक्क सांगता येतो, हे व्यापाराचे साधे तत्त्व प्रथमच राजा आणि प्रजा यांच्या नात्यात शिरले.

पुढे हाच व्यवहार पुनःपुन्हा झाला. १२३७ साली तिसाव्या हिश्शाचा कर देऊन सनद कायम करून घेण्यात आली. पहिल्या एडवर्डने लोकरीच्या पोत्यामागे बसविलेल्या चाळीस शिलिंगांच्या वाढीव जकातीमुळे १२९७ साली असा असंतोष उसळला की त्याला दोन्ही सनदा कायम कराव्या लागल्या, राज्याच्या सामायिक संमतीवाचून असले कर पुन्हा न घेण्याचे वचन द्यावे लागले, आणि सनदांच्या प्रती मोठमोठ्या चर्चमध्ये ठेवून वर्षातून दोन वेळा लोकांना वाचून दाखविण्याचा हुकूमही काढावा लागला. तरीसुद्धा निकड संपताच १३०५ साली एडवर्डने पोपकडून आपल्याला या वचनांतून मुक्त करून घेतलेच! गरज सरली होती; वैद्याची गत ठरलेली होती.

तथापि या दीर्घ घासाघिशीतून एक गोष्ट शिल्लक राहिली. कर द्यायचा तर कोणीतरी एकत्र जमून तो मान्य केला पाहिजे, आणि मान्य करण्यापूर्वी आपली गाऱ्हाणी राजापुढे मांडली पाहिजेत, हा रिवाज पडला. पार्लमेंट ही संस्था या रिवाजातूनच आकाराला आली.

हक्कांचा अर्ज आणि जहाजपट्टी

सोळाव्या शतकात मॅग्ना कार्टाचे महत्त्व फिके पडले होते. शेक्सपिअरने जॉन राजावर अख्खे नाटक लिहिले. त्यात या सनदेचा उल्लेखदेखील नाही. तिला नवे आयुष्य दिले ते एडवर्ड कोक या कायदेपंडिताने. राजा कायद्याच्या वर नाही, हा आग्रह धरल्यामुळे १६१६ साली पहिल्या जेम्सने त्याला सरन्यायाधीशपदावरून काढून टाकले होते. हाच कोक वयाच्या पंच्याहत्तरीनंतर १६२८ च्या पार्लमेंटात चार्ल्स राजाविरुद्ध उभा राहिला.

प्रसंग पुन्हा पैशाचाच होता. राजाला जकातीचे उत्पन्न तहहयात देण्याची जुनी प्रथा मोडून १६२५ साली कॉमन्स सभागृहाने चार्ल्सला ते एकाच वर्षापुरते देऊ केले. त्यावर त्याने सक्तीचे कर्ज काढले आणि ते न देणाऱ्यांना तुरुंगात घातले. त्यांपैकी पाच सरदारांनी १६२७ साली न्यायालयाकडे दाद मागितली, तेव्हा कैदेचे कारण म्हणून 'राजाची खास आज्ञा' एवढेच सांगण्यात आले. आणि न्यायाधीशांनी त्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले. या प्रकारातून हक्कांचा अर्ज जन्मला. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर वा कर्ज नाही, कारण दाखविल्याविना कैद नाही, नागरिकांच्या घरांत सैनिकांचे बिऱ्हाड नाही, शांततेच्या काळात लष्करी कायदा नाही, अशा त्यातील चार मागण्या होत्या. कॉमन्सने पाच करपट्ट्या देऊ केल्या आणि ७ जून १६२८ रोजी चार्ल्सने अर्जाला मान्यता दिली.

पुढच्याच वर्षी त्याने पार्लमेंट बरखास्त केले आणि अकरा वर्षे ते बोलाविले नाही. अर्ज कायम होता, त्यावर राजाची मान्यता होती. पण त्याची आठवण करून देणारे सभागृह भरतच नव्हते. १६३४ साली चार्ल्सने आरमाराच्या नावाखाली बंदरांच्या परगण्यांवर जहाजपट्टी बसविली आणि १६३५ मध्ये ती समुद्राचे दर्शनही न झालेल्या अंतर्भागातील परगण्यांना लागू केली. हा कर नव्हे, संरक्षणासाठी मागितलेले सहकार्य आहे, असा युक्तिवाद होता. वसुलीला नवे नाव दिले की जुने बंधन लागू होत नाही, हा शोध सत्ताधाऱ्यांना फार पूर्वीच लागलेला आहे. जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने वीस शिलिंगांची पट्टी भरण्याचे नाकारले. रक्कम क्षुल्लक होती. प्रश्न तत्त्वाचा होता. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले, पाच विरुद्ध. हॅम्पडेन खटला हरला, पण बारांपैकी पाच न्यायाधीश राजाच्या विरोधात जातात, ही गोष्ट देशभर बोलली गेली.

अखेर स्कॉटलंडमधील बंडाने खजिना रिता झाला आणि १६४० साली चार्ल्सला पार्लमेंट बोलवावे लागले. जहाजपट्टी बेकायदा ठरली, दर तीन वर्षांत पार्लमेंट भरलेच पाहिजे असा कायदा झाला. आणि पुढे यादवी होऊन १६४९ साली राजाचा शिरच्छेदही झाला. पण राजा गेल्याने प्रश्न गेला नाही. १६५५ साली एका व्यापाऱ्याने पार्लमेंटच्या मंजुरीवाचून आकारलेली जकात देण्याचे नाकारले, तेव्हा क्रॉमवेलने त्याच्या वकिलांनाच तुरुंगात टाकले. अनिर्बंध सत्तेला मुकुटच लागतो असे नाही.

तीन दिवस आणि शंभर पौंड

१६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा मला या साऱ्या दस्तऐवजांत विशेष शिकण्यासारखा वाटतो. मते मोजताना एका लठ्ठ उमरावाला गमतीने दहा धरल्यामुळे तो वरिष्ठ सभागृहात मंजूर झाला, अशी आख्यायिका बिशप बर्नेटने नोंदवून ठेवली आहे. कैद्याला न्यायालयापुढे हजर करण्याचा लेखी आदेश, म्हणजे आपण ज्याला बंदिप्रत्यक्षीकरण म्हणतो तो, फार जुना होता. पण तुरुंगाधिकारी चालढकल करीत, न्यायाधीश सुटीचे निमित्त सांगत, कैद्याला दूरच्या बेटावर हलविण्यात येई. या कायद्याने एकही उदात्त तत्त्व नव्याने सांगितले नाही. त्याने मुदती घातल्या आणि दंड ठरविले. न्यायालय वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत, शंभर मैलांपर्यंत असेल तर दहा दिवसांत आणि त्यापलीकडे वीस दिवसांत कैदी हजर केला पाहिजे. न केल्यास तुरुंगाधिकाऱ्याला पहिल्या वेळी शंभर पौंड आणि दुसऱ्या वेळी दोनशे पौंड दंड, शिवाय नोकरी गेलीच. सुटीच्या काळात आदेश नाकारणाऱ्या न्यायाधीशाला पाचशे पौंड, आणि ही रक्कम मिळायची खुद्द कैद्याला!

मॅग्ना कार्टाचे एकोणचाळिसावे कलम आणि हा कायदा यांच्यामधील अंतर म्हणजे सुविचार आणि नियम यांच्यामधील अंतर होय. कचेरीत काम केलेल्या कोणालाही ते समजावून सांगण्याची गरज नाही. 'यथावकाश कार्यवाही व्हावी' असा शेरा असलेला कागद आणि अमुक तारखेपर्यंत न झाल्यास अमुक जबाबदार, असा शेरा असलेला कागद यांचे नशीब सारखे नसते.

१६८९: गरज कायम ठेवण्याची युक्ती

मूळ कोडे मात्र अद्याप सुटलेले नव्हते. दुसऱ्या चार्ल्सने १६७० साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी गुप्त तह करून त्याच्याकडून पैसा मिळविला. राजाला अन्यत्र पैसा मिळाला की प्रजेची संमती निरुपयोगी ठरते. १६८५ साली गादीवर आलेल्या दुसऱ्या जेम्सला पार्लमेंटने उत्साहाच्या भरात तहहयात उत्पन्न देऊन टाकले. व्यापार वाढत असल्याने जकात भरभरून येऊ लागली आणि जेम्सला पार्लमेंटची गरज उरली नाही. तो कायदे परस्पर स्थगित करू लागला, सैन्य वाढवू लागला. नोव्हेंबर १६८८ मध्ये ऑरेंजचा विल्यम फौजेनिशी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, जेम्स पळाला आणि १६८९ साली हक्कांचा कायदा झाला. पार्लमेंटवाचून कायदा स्थगित करणे बेकायदा, पार्लमेंटच्या मंजुरीवाचून पैसा वसूल करणे बेकायदा, शांततेच्या काळात तिच्या संमतीवाचून सैन्य ठेवणे बेकायदा, पार्लमेंटमधील भाषणाबद्दल बाहेर जाब विचारता येणार नाही, निवडणुका मुक्त असाव्यात, पार्लमेंट वरचेवर भरावे, या त्यातील मुख्य तरतुदी होत.

शब्द भारदस्त खरे. पण १६२८ चे शब्द काही कमी भारदस्त नव्हते. मग या वेळी ते टिकले का? कारण या वेळी पार्लमेंट जुनी चूक करायला तयार नव्हते. नव्या राजाला जकातीचे उत्पन्न तहहयात न देता १६९० साली चारच वर्षांसाठी देण्यात आले. सैन्यातील शिस्तीसाठी आवश्यक असलेला कायदा अल्प मुदतीचा केला, म्हणजे तो वारंवार नवा करून घ्यावा लागावा. १६९८ साली राजघराणे व मुलकी कारभार यांच्यासाठी वार्षिक सात लाख पौंडांची नेमणूक बांधून दिली. युद्धाचा सारा खर्च मात्र पार्लमेंटच्या हाती राहिला. आणि १७०१ च्या वारसा कायद्याने न्यायाधीशांना राजाच्या मर्जीतून सोडवून, सद्वर्तन असेपर्यंत त्यांचे पद अबाधित केले. पार्लमेंट भरविणे ही आता राजाची मेहेरबानी उरली नाही. ते न भरविले तर सैन्याला पगार मिळेना. १६८९ पासून आजतागायत तेथे पार्लमेंट भरले नाही, असे एकही वर्ष गेलेले नाही.

यात अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट घडली. हात बांधलेला राजा दुबळा होईल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. घडले उलटे. १६७२ साली दुसऱ्या चार्ल्सने सराफांची देणी एका फटक्यात थांबविली होती; अशा राजाला स्वस्त व्याजाने कर्ज कोण देणार? परंतु १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन होऊन तिने सरकारला आठ टक्क्यांनी बारा लाख पौंड देऊ केले, तेव्हा ती रक्कम दोन आठवड्यांच्या आत जमा झाली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी कर्जावरील व्याज तीन टक्क्यांच्या आसपास उतरले. दुसऱ्या जेम्सचे वार्षिक उत्पन्न वीस लाख पौंडांच्या घरात होते. विल्यमच्या युद्धकाळात वार्षिक खर्च पन्नास लाखांच्या वर गेला आणि तो भागलाही. डग्लस नॉर्थ आणि बॅरी वाइनगास्ट या अभ्यासकांनी १९८९ साली एका गाजलेल्या निबंधात याचा अर्थ असा लावला की, ज्याला वचन मोडता येत नाही त्याच्याच वचनाला पत असते. त्यांच्या निष्कर्षावर पुढे वाद झाले आहेत आणि व्याजदर उतरण्याला इतरही कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. तरी मुख्य मुद्दा मला ग्राह्य वाटतो.

ज्यांना सनद मिळाली नाही

अर्थात या कथेचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. १६८९ चे पार्लमेंट मालमत्ताधाऱ्यांचे होते. त्यांनी राजाला आवरले, स्वतःला नव्हे. वाढत्या करांचा मोठा भाग बिअर, मीठ, मेणबत्त्या, साबण अशा गरिबांच्याही गरजेच्या वस्तूंवर पडत गेला. आणि जी पत मर्यादित राजसत्तेने कमावली तिच्याच बळावर साम्राज्य उभे राहिले. त्या साम्राज्यातील प्रजेला या सनदा लागू नव्हत्या.

आपल्या देशाने याचा अनुभव घेतला. १८५८ सालचा राणीचा जाहीरनामा हा हिंदुस्थानचा मॅग्ना कार्टा आहे, असे आपले अनेक नेते पुढे कित्येक वर्षे श्रद्धेने म्हणत. पण तो जाहीरनामा राणीने आपण होऊन दिलेला होता. त्याच्या मोबदल्यात आपण काही दिले नव्हते आणि तो न पाळल्यास काही रोखून धरण्याची सोयही नव्हती. कर वसूल करायला सरकारला आमची संमती लागतच नव्हती. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली, मतदानाची नव्हे. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली मध्यवर्ती कौन्सिलात अर्थसंकल्पाची जी चिरफाड केली ती आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावी. प्रजा दुष्काळाने गांजलेली असताना सरकारजवळ शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेहून अधिक आहेत, हे त्यांचे म्हणणे बिनतोड होते. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आलाही. पण तो सरकारने आणला म्हणून आला. त्याच गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. किल्ली हातात नसलेल्या माणसाला दारावर थाप मारण्यापलीकडे काही करता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या घटनाकारांनी ती किल्ली विचारपूर्वक आपल्या हाती दिली. कायद्याच्या आधारावाचून कर नाही, हे दोनशे पासष्टावे कलम आणि विनियोजनाच्या कायद्यावाचून संचित निधीतून एक पैसाही काढता येणार नाही, हे एकशे चौदावे कलम, ही १६८९ चीच अपत्ये होत. जीवित व स्वातंत्र्याचे एकविसावे कलम आणि न्यायालयांचे बंदिप्रत्यक्षीकरणाचे अधिकार यांचे कूळही तेच. परंतु शब्द घटनेत असूनही १९७६ साली आणीबाणीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरविले की स्थानबद्ध व्यक्तीला या अधिकारासाठी दादच मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही वाट बंद केली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा ठरविला. शाई वाळली म्हणून सनद पक्की होत नाही, याचा यापेक्षा जवळचा दाखला शोधण्याची गरज नाही.

मला चिंता वाटते ती दुसऱ्या, अधिक सौम्य वाटणाऱ्या गोष्टीची. २०१३, २०१८ आणि २०२३ या वर्षी लोकसभेत सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेवाचून एकगठ्ठा मतास टाकून मंजूर करण्यात आल्या. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती; गोंधळाचा दोष दोन्ही बाजूंनी परस्परांवर ढकलला. कायदेशीरदृष्ट्या त्यात काहीही गैर नाही. संमती घेतली गेली, कागद पुरे झाले. पण तिसऱ्या हेन्रीकडून सनद घेण्यासाठी मालमत्तेचा पंधरावा हिस्सा मोजणाऱ्या लोकांनी, किंवा वीस शिलिंगांसाठी राजाशी भांडणाऱ्या हॅम्पडेनने, न बोलता दिलेल्या संमतीला संमती म्हटले असते काय? गाऱ्हाणे आधी आणि पैसा नंतर, हा या साऱ्या व्यवस्थेचा प्राण आहे. पैसा दिला आणि गाऱ्हाणे राहून गेले, तर मागे फक्त सोपस्कार उरतो.

तेव्हा वर्गातील त्या प्रश्नाला माझे उत्तर असे असते: पाच वर्षांची परवानगी एकदम देऊन पाहण्याचा प्रयोग झालेला आहे. १६८५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने दुसऱ्या जेम्सला आयुष्यभराची परवानगी देऊन टाकली होती आणि तीनच वर्षांत तिचे परिणाम निस्तरण्यासाठी परदेशची फौज किनाऱ्यावर उतरवावी लागली. राज्यकर्ता सज्जन आहे की दुर्जन, हा येथे प्रश्नच नाही. ज्याला वर्षातून एकदा तरी आपल्या दाराशी यावे लागते, तो आपले ऐकून घेतो. त्याने यावे एवढी व्यवस्था जुन्या माणसांनी आपल्यासाठी करून ठेवली आहे. तो आल्यावर त्याला चार प्रश्न विचारण्याचे काम मात्र त्यांना आपल्यावतीने करता येणार नव्हते.